नवसाचा गड्डा धरायचा की नाही

रोजच्या वहीत मी पूजेचं, दुधाचं, पाण्याच्या पाळीचं लिहिते. आज शेजारच्या रंभाबाईंचं लिहिते, कारण त्यांच्यासाठी दुसरं काही करणं माझ्या हातात राहिलेलं नाही.

रंभाबाई मूळच्या माढ्याकडच्या. नवरा गेल्यावर मुलगा अमृत अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लागला, त्याच्यामागून त्या सोलापूरला आल्या. आमची भिंतीला भिंत. बाई तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "वैनी, तुळस लई वाळलीया तुमची. पूजा करता का नुसतं पाणी दावता तिला?" तेव्हापासून आमचं जमलं.

दोन हजार सोळाच्या संक्रांतीला अमृतच्या डोक्यात ताप गेला. आईला ओळखेना. डॉक्टर नीट काही सांगेनात. आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा असते, तिला सगळे गड्डाच म्हणतात. नंदीध्वजांची मिरवणूक दवाखान्याजवळून चालली होती. रंभाबाई पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, मी त्यांच्यासोबत. पदर पसरून म्हणाल्या, "सिद्धरामा, माझा अमृत उठून बसू दे. धा गड्डं तोंडात मीठ घालनार न्हाय."

मिरवणूक पुढे गेली आणि दोन दिवसांनी अमृत उठून बसला. मी तो नवस कानांनी ऐकला आहे, त्याला आलेलं फळ डोळ्यांनी बघितलं आहे. त्यामुळे कुणी नवसाला अडाणीपणा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तेव्हापासून रंभाबाईंचं सगळं अळणी. भाकरी, आमटी, शेंगाचटणीसुद्धा. अळणी शेंगाचटणी एकदा खाऊन बघावी म्हणजे कळेल. लग्नाच्या पंगतीत त्या पानावर नुसता गोड भात घेत. कुणी विचारलं तर म्हणत, "मला साखर झेपती, मीठ न्हाय झेपत." नवस आहे हे कधी मिरवलं नाही.

या वर्षीच्या उन्हाळ्यात मात्र बाई सुकल्या. सकाळी आमच्या दारात रांगोळी काढायला बसल्या, म्हटलं, "रंभाबाई, तुमचं दार पलीकडं." तर माझ्याकडे बघतच राहिल्या. सुनेला, वैजयंतीला, वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मग मोरीपाशी पडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, अंगातलं सोडियम फार उतरलंय. त्यात हा उन्हाळा, त्यात प्रेशरची गोळी. गोळी बदलून देतो, पण मीठ खायला लागेल.

"सोडियम म्हंजी?" रंभाबाईंनी विचारलं.

"मीठच हो आजी."

"मग जमायचं न्हाय," म्हणाल्या आणि पिशवी उचलून उठल्या.

त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही सगळे बसलो. अमृत आईपुढे बोटं धरून बसला. "आई, झाले की दहा. सोळापासून पंचवीसपर्यंत तूच मोज."

"सोळाचा कसा धरतूस? त्यो नवस बोलायचा गड्डा. त्यात मी मीठ कुटं सोडलं? तू उठून बसलास तवा मिरवनूक हून गेलती."

"बरं, नऊ धर. एक देव सोडून देईल."

"आनि कोरोनातलं? गड्डा भरलाच न्हाय, मोजू काय?"

"अगं, देव होता की!"

"देव हुता, गड्डा न्हवता. मी वर्सं न्हाय बोलले, गड्डं बोलले."

आमचे हे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दोन हजार वीस उजाडलं तेव्हा सगळी गल्ली नवं दशक लागलं म्हणून केक कापत होती, आणि ह्यांनी प्रत्येकाला गाठून सांगितलं होतं की शून्य साल नव्हतंच, दशक एकवीसला लागणार. केक मात्र खाल्ला. ह्यांनी तोंड उघडलं तेव्हा मी डोळ्यांनी खुणावलं. ह्यांचं माझ्याकडे लक्ष असेल तर ना!

"अमृत, मोजणी म्हणून तुझ्या आईचं बरोबर आहे. नवसाचा गड्डा म्हणजे शून्य. एक पुढच्यापासून."

"सर, तेव्हा तर तुम्ही शून्य नसतंच म्हणाला होता!"

"ते साल होतं. हे अंतर आहे."

"बगा, सर बी म्हंत्यात!" रंभाबाईंचा चेहरा असा खुलला की मला रडू आलं.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "एवढं एक खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"गणितात?" हे म्हणाले. जेवताना मात्र मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रंभाबाईंना रिक्षाने देवळात नेलं. म्हटलं, पुजाऱ्यांच्या तोंडून आलं तर ऐकतील. पुजारी चांगले, समजूतदार. म्हणाले, "आजी, औषध म्हणून घेतलं तर दोष लागत नाही."

"औषद कडू असतंय म्हाराज. मला मीठ गोड लागतंय. गोड लागतंय ते औषद कसं?"

पुजारी हसले आणि प्रसाद दिला. मी गाभाऱ्यापुढे हात जोडले, पण मागू काय? यांना तुला दिलेला शब्द मोडायची बुद्धी दे, असं त्याच देवाला कुठल्या तोंडाने सांगायचं? नुसतीच उभी राहिले आणि परत आले.

मग वैजयंतीने एकदा आमटीत चिमूटभर मीठ घातलं. न राहवून घातलं, तिला तरी काय म्हणावं. इतक्या वर्षांची अळणी जीभ, पहिल्या घोटालाच कळलं. रंभाबाई रागावल्या नाहीत. उठून चूळ भरली, पुन्हा भरली, ताट सरकवलं आणि दिवसभर पाण्यावर राहिल्या. वैजयंती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "काकू, मी मारतेय का वाचवतेय, मलाच कळंना."

गेल्या शनिवारी रंभाबाई उठल्याच नाहीत. हाकेला ओ नाही. अमृतने त्यांना उचललं तेव्हा तो सारखा एकच म्हणत होता, "माझ्यापायी, माझ्यापायी." दवाखान्यात सलाईन लावलं. सोमवारपर्यंत बाई डोळे उघडून बघायला लागल्या. मंगळवारी मला म्हणाल्या, "वैनी, तुळशीला पानी घातलं का, का माझ्यावाचून तीबी उपाशी?" मी मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडले. वाटलं, त्यानेच आपली वाट काढली.

तेवढ्यात बाटली बदलायला नर्स आली. धनलक्ष्मी तिचं नाव, आमच्या पूर्व भागातल्या विणकरांची मुलगी, हसरी.

"हेच्यात काय असतंय गं बाई?" रंभाबाईंनी सहज विचारलं.

"मिठाचं पाणी, आज्जी. तुमच्या अंगात मीठच नव्हतं की! आता बघा कशा बोलायला लागलात."

ती बिचारी गेली दुसऱ्या खाटेकडे. अमृत खाली बघत होता. रंभाबाईंनी हाताला लावलेल्या नळीवरून नजर वर बाटलीपर्यंत नेली.

"कवापासनं हाय हे?"

"शनिवारपासून," अमृत म्हणाला.

"मग मोडला की रं."

"नाही मोडला. तोंडात घालणार नाही म्हणाली होतीस तू. काकू साक्षीला आहेत. हे तोंडातनं गेलंय का?"

मी चटकन म्हटलं, "तोंडातच म्हणाला होतात, रंभाबाई. माझ्या चांगलं ध्यानात आहे." आणि ते खरंच होतं.

त्या माझ्याकडे बघून हसल्या. लहान पोराकडे बघून हसावं तशा. "सिद्धरामाला काय तोंड येगळं दिसतंय आन शीर येगळी? अंगात गेलं म्हंजी गेलं." मग जरा वेळ डोळे मिटून पडल्या. मला वाटलं झोपल्या. पण त्या मोजत होत्या. "मागलं सगळं गेलं. आता येत्या गड्ड्याला नव्यानं बोलायचं, आन त्येच्या फुडच्यापासनं एक. सर म्हनले तसं."

अमृतचा आवाज चढला. "किती?"

"धाच की. बोललेलं कमी कसं करू?"

"आई, तू बहात्तरची आहेस. तोवर तू..."

"मी न्हाय, तर न्हाय. तू हायस की. तेच तर मागितलंय."

अमृत उठून बाहेर गेला. जिन्यात उभा राहिला असेल, काचेतून त्याची पाठ दिसत होती. वैजयंतीने डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी. डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते, आता जेवणात मीठ हवं, नाहीतर पुन्हा इथेच आणाल.

"अळनी हाय न्हवं?" रंभाबाईंनी विचारलं.

वैजयंतीने माझ्याकडे बघितलं. आमटी अळणीच होती. दुसऱ्यांदा मीठ घालायचं धाडस तिला झालं नव्हतं.

"हो," मी म्हटलं आणि भाकरी कुस्करायला घेतली.