एकाने नाही म्हटलं की सगळे परत

बर्फातल्या गोष्टींचं असं आहे, एक सांगायला घ्यावी तर मागे चार रांगेत उभ्या! आमच्या जर्मनीतल्या एर्लांगेनच्या ऑफिसात सोमवारी कॉफीला जमलो की त्या निघतातच. हसतो आम्ही, पण काही सांगताना कप खाली ठेवावा लागतो.

ग्रुप चौघांचा. सुहासदादा, साठीला टेकलेले. नंदू, आमचा टेस्टिंगवाला. मी, वृषाली. आणि हेल्गा, रिटायर झालेली कलीग, जन्मभर आल्प्समध्ये स्की घालून चढलेली. यंदा जूनमध्ये दादांचं कायमचं पुण्याला परतायचं ठरलेलं. त्याआधी त्यांना आल्प्सच्या आल्गॉय भागातलं एक शिखर करायचंच होतं. दोनदा हुकलेलं.

*

पहिल्यांदा हुकलं पोह्यांपायी! वसंतात रात्री बर्फ गोठून कडक होतो आणि ऊन चढलं की ओला, जड होतो. मग अख्खा उतार घसरू शकतो. म्हणून हेल्गाचा नियम: पाचला निघायचं, आणि अकराला जिथे असाल तिथून मागे वळायचं. नंदूने आमच्या मुक्कामाच्या हटच्या, म्हणजे डोंगरातल्या लाकडी घराच्या, किचनमध्ये पोहे करायला घेतले. निघालो पाच वीसला.

अकरा वाजले तेव्हा शिखर समोर दिसत होतं. वीस मिनिटांचा प्रश्न. हेल्गा वळली!

"अगं, वीस मिनिटांनी काय होतंय?" नंदू कळवळला.

"तुझी वीस मिनिटं तू सकाळीच खाल्लीस."

दादांनी पुढे आठवडाभर नंदूला 'पोह्या' म्हणूनच हाक मारली.

*

दुसऱ्या वर्षी रात्रभर ढग. बर्फ गोठलाच नाही, चढाई रद्द. मग हेल्गाने सराव लावला. आम्ही छातीला सिग्नल देणारं एक यंत्र बांधतो, पीप्सर. कोणी गाडलं गेलं तर त्यावरून शोधायचं. तिने एक पीप्सर लाडवांच्या डब्यात घालून हटमागे पुरला.

नंदू एकीकडे खणतोय, मी भलतीकडेच, आणि दादा मधोमध उभे राहून सूचना देतायत! सापडला बाई एकदाचा. आम्ही टाळ्याही वाजवल्या.

हेल्गाने एक लाडू खाल्ला. घड्याळ पाहिलं.

"लाडू छान. माणूस गेला."

आमचे चेहरे खर्रकन उतरले. दुपारपर्यंत तोच डबा पुरत आणि शोधत राहिलो.

*

दादांचा मोबाइल शर्टाच्या खिशात, बरोब्बर पीप्सरला चिकटून. त्याने सिग्नल बिघडतो. हेल्गा म्हणाली, "बंद कर आणि सॅकमध्ये टाक."

"अगं, घरून फोन आला तर?"

"खिशात ठेवलास तर फोन येईल. तू मात्र सापडणार नाहीस."

दादांनी निमूटपणे फोन बंद केला. वहिनींना हा किस्सा अजून कोणी सांगितलेला नाही!

*

हेल्गाचा आणखी एक नियम. कोणीही एकाने 'नाइन', म्हणजे जर्मनमध्ये 'नाही', म्हटलं की सगळे परत. कारण विचारायचं नाही. नंदूने एकदा विचारलं, "कारण का नाही विचारायचं?"

ती बुटाचं बकल लावत होती. तशीच बोलली.

"माझा नवरा पाचजणांबरोबर गेला होता. सहाही जणांना तो उतार आवडला नव्हता. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच भीती वाटतेय. नंतर पाचजणांनी हे मला सांगितलं, वेगवेगळं येऊन. नवऱ्याचं मी आपलं धरून चालते."

नंदूने खाली वाकून तिचं दुसरं बकल लावून दिलं.

*

आणि हा यंदाचा एप्रिल. हेल्गाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती घरी. आम्ही तिघंच. दादांची शेवटची संधी.

सव्वादहालाच उतार मऊ पडला. माझी काठी मुठीपर्यंत आत गेली. वरच्या कातळाखालून बर्फाचे छोटे गोळे घरंगळत येत होते.

"अजून पाऊण तास आहे घड्याळात," दादा म्हणाले. नंदू आपल्या बुटांकडे बघत राहिला.

मी जर्मनीत नवी आले तेव्हा दादांनी मला दोन महिने घरात ठेवून घेतलं होतं, आनमेल्डुंगला, म्हणजे सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायला, सोबत आले होते. त्यांना मराठीत नाही म्हणायला माझं तोंडच उघडेना. शेवटी जर्मनमध्ये म्हटलं.

"नाइन."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग वळले. खाली हटपर्यंत मागे वळून न बघता उतरले.

हटच्या अंगणातून तो उतार समोर दिसतो. बारा वाजता दोन पोरं त्यावरून चढून गेली, शिखरावर हात हलवले आणि आरोळ्या ठोकत स्की करत खाली आली. एक वाजला, दोन वाजले. उतार जागचा हलला नाही. मला रडूच फुटलं.

"दादा, माझ्यामुळे राहिलं हो तुमचं. काहीच झालं नाही तिथे. तुम्ही रागावलायत ना?"

"रागावलोय! चांगलाच रागावलोय," दादा म्हणाले. "रागवायला धडधाकट आलोय ना परत? बस. सूप गार होतंय."