मिस्टर आओ

एत्येन साहेबाला स्वतःपलीकडे काही दिसत नाही, असं सविताचं स्पष्ट मत होतं. फ्रान्समध्ये म्हणे त्याने चार चर्च बांधली, दोन कादंबऱ्या लिहिल्या. बांधली कसली डोंबलाची! दगड गवंड्यांनी रचले, ह्याने नुसतं बोट दाखवलं. मग स्वारी दुबईत आली, रास अल खोरला एका गोदामाच्या वर ऑफिस थाटलं आणि अकरा वर्षं रुवैसच्या एका चर्चची ड्रॉइंग्ज काढत बसली. म्हणजे सविताच्या नवऱ्याने, मुरलीधरने काढली. साहेब कागदी रुमालावर दोन रेघा ओढायचा. कमानीपासून जिन्यापर्यंत सगळं कम्प्युटरवर बसवायचा मुरलीधर.

पण नवरा खूश! "अगं, साहेब माझ्यासाठी हिंदी शिकलाय. काम असलं की केबिनमधून 'आओ, आओ' करतो." आणि हा बावळट धावत जायचा.

आता साहेबाने आत्मचरित्र लिहिलं होतं. त्यात तुझं नाव छापतोय, असं त्याने मुरलीधरला सांगितलं होतं. अकरा वर्षांत एका ड्रॉइंगवरसुद्धा नाव आलेलं नव्हतं, त्यामुळे मुरलीधर हरखून गेला. नवा शर्ट शिवला. गावी फोन करकरून सगळ्यांना सांगितलं.

ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. त्यांच्या मुलीने, अस्मीने, आभाराचं पान उघडलं. "बाबा, युवर नेम इज नॉट हिअर. ओन्ली सम मिस्टर अहो."

सविताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुरलीधरचे हात कामात, म्हणून फोन कायम स्पीकरवर. रोज दुपारी ती विचारायची, "अहो, जेवलात का?" त्या शहाण्याला तेच नाव वाटलं! आणि फ्रेंच जिभेला 'ह' कुठला जमायला? पगार एजन्सीकडून यायचा, त्यामुळे खरं नाव वाचायचे कष्टही त्याने कधी घेतले नव्हते.

मुरलीधर कसनुसा हसला. "जाऊ दे गं. मीच आहे ना तो."

"जाऊ दे काय? खलास, पुरे झालं!" नवऱ्याला दंडाला धरून सविता तरातरा साहेबाच्या टेबलाशी गेली. लग्नातला उखाणा सोडला तर बावीस वर्षांत तिने चारचौघांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. तिने पुस्तक पुढे सरकवलं आणि ती ठणकावून म्हणाली, "राइट हिअर. मुरलीधर."

साहेबाने अक्षर न् अक्षर विचारून ते लिहिलं, झोकात सही ठोकली. मग मुरलीधरकडे वळून त्याने इंग्रजीत आपुलकीने विचारलं, "आओ, हा मुरलीधर कोण?"