वरचा घाम

रेल्वेचं फाटक बंद झालं की सगळे थांबतात. तुम्हीही थांबता, मीही थांबते. स्कूटरवाले इंजिन बंद करतात, शाळेच्या व्हॅनमधली पोरं खिडकीतून हात बाहेर काढतात, ट्रॅक्टरवाला विडी पेटवतो. गुरुजी मात्र थांबायचे नाहीत. गर्दीच्या मागे जिथे रस्ता जरा रुंद होतो तिथे ते सायकलवर बसल्याबसल्या गोल फिरत राहायचे. धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला पंच्याची पट्टी, हँडलला पूजेची पिशवी. गाडी जाईपर्यंत फेरीवर फेरी. जमिनीला पाय म्हणून टेकायचे नाहीत.

पहिल्या दिवशी मी बघतच राहिले, तेव्हा माझ्याजवळून जाताना ते म्हणाले, "थांबायचं नाही, ताईजी."

साडी, टिकली, मंगळसूत्र बघून मी मराठी हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. "का हो?" असं मी विचारेपर्यंत ते पार पलीकडे. उत्तर पुढच्या फेरीला आलं. "थांबलं की घाम डोळ्यांत!"

त्याच्या पुढच्या फेरीला, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, "भुसावळच्या." आणखी एक फेरी. "अरे वा. गर्मी तो वहाँ भी कम नहीं." आमचं सगळं बोलणं असं हप्त्याहप्त्याने व्हायचं, एका वाक्याला एक फेरी. लांबलचक मालगाडी असली की गप्पा चांगल्या रंगायच्या.

मी रेल्वेच्या ऑफिसात आहे, बदलीवर झाशीला आले. सायकल मी हौसेने चालवते असं लोकांना वाटतं. हौस कसली डोंबलाची! ऑफिस जवळ आहे, ऑटोवाल्यांशी भांडून माझं डोकं उठतं आणि कुणाची वाट बघत उभं राहणं माझ्या रक्तातच नाही. त्यामुळे गुरुजी मला लगेच पटले. सकाळची एखादी पूजा आमच्या रेल्वे कॉलनीत उरकून ते पलीकडे निघायचे, मी ऑफिसला. मधे हे फाटक.

राहायचे लक्ष्मी गेटजवळ. घराणं भिक्षुकीचं. पूर्वज केव्हातरी महाराष्ट्रातून इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली, आणि दोन्ही अशा मिसळलेल्या की एक कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते ते त्यांनाही कळत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्याला. गावातली उरलीसुरली मराठी घरं यांच्याकडे. आज इथे सत्यनारायण, उद्या तिथे श्राद्ध, मधेच कुणाची वास्तुशांत, आणि सगळीकडे सायकल. एका जागी बूड टेकलेलं मी त्यांना पाटावरही पाहिलं नाही. मंत्र म्हणतानाही हलत असायचे. यजमानाने फूल वाहायला जरा उशीर केला की "हं, हं, चला चला" सुरू. आमच्या घरची पूजा त्यांनी इतक्या झपाट्याने उरकली की प्रसादाचा शिरा अजून कढईतच होता.

आता घामाचं बघा. तुमच्याआमच्या डोळ्यांत जातो तो घाम नुसता खारट. गुरुजींच्या कपाळावर गंध. उन्हात ते घामाबरोबर ओघळून थेट डोळ्यांत. "मिरची लागते मिरची, ताईजी." म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. घरून निघताना कपाळ कोरं. यजमानाच्या दारात सायकल लावायची, पट्टी सोडायची, पिशवीतून गंधाची डबी काढायची आणि दारात ज्या कुणाची स्कूटर उभी असेल तिच्या आरशात वाकून गंध लावायचं. मग आत. आमच्या शेजारणीने पहिल्यांदा हे खिडकीतून पाहिलं आणि नवऱ्याला ओरडून उठवलं, कोणीतरी गाडी पळवतंय म्हणून.

मलाही उपाय सांगायचे. भुवयांवर तुपाचं बोट फिरवा म्हणाले, घाम तुपावरून सरकतो आणि कानाकडे जातो. मी फिरवलं. झाशीच्या उन्हात तूप ते किती टिकणार? फाटकापर्यंत वितळलं आणि घामाच्या आधी तेच डोळ्यांत गेलं. लाल डोळ्यांनी ऑफिसात पोचले तर शेजारच्या टेबलावरचे तिवारीजी नाक वर करून विचारतात, "मैडम, आज हलवा लाई हैं क्या?" अस्सा संताप आला! दुसऱ्या दिवशी फाटकावर गुरुजींना चांगलं सुनावलं. ते शांतपणे एक फेरी मारून आले.

"किती लावलंत?"

"चांगलं भरपूर लावलं."

आणखी एक फेरी. "बोट म्हटलं होतं, ताईजी. पळीभर नाही."

पंच्याची पट्टी मात्र खरी. चार पदरी घडी, ओली करून घट्ट पिळलेली, आणि बांधायची ती अगदी भुवयांना लागून. कपाळाच्या मधोमध बांधली तर खाली उरलेल्या कपाळाचा घाम कोण अडवणार? गाठ कानाच्या वर, म्हणजे पाणी निथळलं तरी बाजूला निथळतं. आणि थांबायचं नाही, हे तर होतंच. चालत्या सायकलला वारा लागतो, घाम सुकतो. पाय टेकला की क्षणात कपाळ फुटल्यागत धार लागते. करून बघा. मी आजही तशीच पट्टी बांधते, फक्त थांबायचं नाही एवढं मला जमत नाही. त्यांच्यासारखं इतक्या गर्दीत गोल फिरायला हिंमत लागते.

मागच्या उन्हाळ्यात, चैत्रातच, गुरुजींची तक्रार सुरू झाली. "घाम फार लागतो डोळ्यांना."

"पट्टी बांधा."

"बांधलीय की." खरंच बांधलेली होती. "तरी लागतो."

मी मोबाईलवरून खेळाडू बांधतात तसली जाड पट्टी मागवली. पांढरी मागवली होती, आली पोपटी. त्यांनी कुरकुर न करता बांधली. धोतर आणि पोपटी पट्टी! दतिया गेटकडची पोरं त्यांना "किरकेट पंडितजी" म्हणून हाका मारायला लागली. "आता?" मी विचारलं. "लागतोच," ते म्हणाले. मग मी त्यांना टोपी दिली, पुढे झडप असलेली. "थोडा कमी लागतो," म्हणाले. मला वाटलं, बरं झालं, टोपी घाम शोषतेय. तुम्हीही असंच म्हणाला असता.

त्याच दिवसांत त्यांचं गंध तिरकं यायला लागलं. एकदा तर चक्क डाव्या भुवईवर. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो. घाईत असतील, दुसरं काय.

आणि मग ती सकाळ. ऊन समोरून येत होतं. गाडी गेली, फाटक वर झालं, हॉर्न वाजले, माणसं पांगली. मी निघाले आणि सहज मागे पाहिलं तर गुरुजी फिरतच होते. मोकळ्या रस्त्यावर, एकटे, गोल. मला वाटलं, गंमत करतायत. एक फेरी झाली, दुसरी झाली.

"गुरुजी! अहो, उघडलं फाटक!"

ते दचकले. हँडल लटपटलं, सावरलं. "हो, हो," म्हणाले. "घाम, ताईजी, घाम." आणि रूळ ओलांडून घाईघाईने निघून गेले.

मी तिथेच उभी. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना. तेवढ्यात केबिनमधून फाटकवाल्याने हाक मारली. "जिज्जी, घाम में काय ठाँड़ीं? छाँयरे में आ जाओ."

सावलीत बोलावतोय एवढं कळलं. मी कपाळाला हात लावला. कोरडं होतं. "घाम? पसीना कहाँ है, भैया?"

तो हसला. "पसीना नईं, जिज्जी. घाम!" आणि त्याने बोट वर केलं, सूर्याकडे.

मी कपाळावरचा हात काढलाच नाही. बुंदेलीत घाम म्हणजे ऊन! आणि आमचे गुरुजी महिनाभर मला सांगत होते, डोळ्यांना घाम लागतो. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी! मी त्यांना पट्ट्या बांधत बसले होते. माझी चूक म्हणा, त्यांची म्हणा, मी तर म्हणते त्या मेल्या शब्दाची.

दुसऱ्या दिवशी फाटकावर त्यांना पकडलंच. म्हणजे बोलण्यात पकडलं, एरवी ते कुठले सापडतात.

"गुरुजी, घाम म्हणजे काय?"

"घाम म्हणजे घाम!"

पुढच्या फेरीला मी विचारलं, "पसीना की धूप?"

"दोन्ही. आमच्याकडे दोन्हीला घामच म्हणतात."

"मग डोळ्यांना कोणता लागतो?"

यावेळी त्यांनी एक मोठी फेरी घेतली. मग माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, "वरचा."

मग एकेका फेरीला एकेक गोष्ट बाहेर आली. उजेड पसरतो. समोरून ऊन आलं की सगळं पांढरं होतं. स्कूटरच्या आरशात कपाळ दिसत नाही, अंदाजाने गंध लावतो. कधीपासून? होळीपासून. डॉक्टरकडे का गेला नाहीत? त्यालाही एक फेरी लागली.

"डॉक्टर म्हणणार, बसा. मुलगा तर टपलेलाच आहे. म्हणतो, सायकल विका आणि पुण्याला या." पुढच्या फेरीला त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मी थांबलो की मला नेतील, ताईजी. तिथे मी काय करू? इथला सगळा रस्ता मला पाठ आहे."

मी सायकल आडवी घातली. ते मला वळसा घालून निघून गेले. मग मात्र माझा तोल सुटला. सगळ्या गर्दीसमोर ओरडले, "रस्ता पाठ आहे, पण गाडी पाठ आहे का? बंद फाटकातून आत गेलात तर पुणं नाही नि झाशी नाही, कळतंय का?" ट्रॅक्टरवाल्याने विडी तोंडातून काढली. गुरुजी एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "उद्या चलतो."

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. उजवा चांगलाच पिकलेला. मीच पुढे होऊन सगळं ठरवलं, इथेच करायचं, झाशीत. माझा हिशोब सरळ होता. डोळा सुधारला की गुरुजी फाटकावर हजर, मुलगा गप्प. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, महिनाभर सायकल नाही, धूळ नाही, "और पंडितजी, पसीना आँख में बिलकुल न जाए." गुरुजी हसायला लागले. "हे तर मी जन्मभर करतोय."

मुलगा आला, ऑपरेशन झालं, चार दिवस राहून तो परत गेला. तो महिना गुरुजींनी कसा काढला ते विचारू नका. रविवारी मी डबा घेऊन जायची, तर हे अंगणात चकरा मारतायत. काळा चष्मा लावून, हात मागे, गोल गोल. शेजारची म्हातारी म्हणाली, "इनके पाँव में भौंरी है." म्हणजे आपली पायाला भिंगरी. डोळ्यांत थेंब घालताना तेवढे स्थिर बसायचे. तेव्हा मला जाणवलं की या माणसाचा चेहरा मी असा समोरून, न हलता, कधी पाहिलाच नव्हता. चांगला देखणा माणूस होता हो.

आता ते पुण्याला असतात. दुसऱ्या डोळ्याचं तिकडेच झालं. फोन येतो, फाटकाला आज किती वेळ लागला ते विचारतात. मला त्यांचा राग आला होता आणि अजून थोडा आहे. इथे राहावेत म्हणून एवढा आटापिटा केला तो मी, आणि हे गेले.

शेवटचे भेटले ते फाटकावरच. नौतपा लागला होता, जेठातले ते भाजून काढणारे दिवस. फाटक बंद झालं आणि सवयीने मी मागे वळून त्यांच्या फेऱ्यांच्या जागेकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. गुरुजी माझ्या शेजारी होते. सायकल होती, पण डावा पाय जमिनीवर. कपाळाला पट्टीसुद्धा नाही.

"परवाच्या गाडीने निघतो, ताईजी. मुलगा न्यायला येतोय."

"म्हणजे त्याने सायकल विकायला लावलीच!"

"त्याने नाही. मीच सांगितलं त्याला, ये म्हणून." मधे फेरी न घेता ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते, आणि ते पुढेही बोलतच राहिले. "डोळ्याची पट्टी काढली ना, तेव्हा समोर तोच होता. म्हातारा झालाय हो तो. सगळे केस पांढरे. दाढीसुद्धा. फोनवर आवाज तसाच यायचा, मला वाटायचं, पोरगा आहे तसाच आहे. तो तिकडे एकटा पांढरा झाला आणि मी इथे चकरा मारतोय."

तेवढ्यात गाडी आली, ती नवी, झरझर जाणारी. गुरुजी मान पुढे काढून बघायला लागले.

"ही गाडी पांढरी आहे?"

"मग? पांढरीच आहे."

"मला इतके दिवस पिवळी वाटायची."

त्यांच्या कपाळावरून घामाची धार निघाली, भुवईत थांबली आणि डोळ्यांत उतरली. त्यांनी पुसली नाही. नुसती पापणी मिटली, उघडली आणि बघत राहिले.

"गुरुजी, घाम," मी म्हटलं.

"कोणता?" ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

गाडी गेली. फाटक वर झालं. हॉर्न वाजले, स्कूटर, ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन, सगळे आमच्या बाजूने पुढे गेले. गुरुजी अजून पाय टेकून उभेच होते, दूर जाणाऱ्या गाडीकडे बघत.

"गुरुजी, फाटक उघडलं."

"दिसतंय, ताईजी," ते म्हणाले. "दिसतंय."