हाकामारीला दिलेली ओ

हाकामारी ही भुताची जात. अंधारात दाराशी येऊन नावानं हाक मारते आणि ओ दिली की माणूस गेलाच, असं लहानपणी आम्हाला सांगत. आमच्या वाडीतल्या काकीला मुंबईच्या पोरांनी तेच नाव ठेवलं होतं. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "बरोबर हाय. फक्त माझं उलटं. मला ओ नाय दिलीत तर मराल."

पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगावर आमची वाडी. घरं थोडी आणि तीही उतारावर विखुरलेली. निम्म्यांना कुलूप, ते गणपती-शिमग्याला निघतं. उरलेल्यांत आमच्यासारखी पिकली पानं. दिवेलागण झाली की काकी पदर खोचून अंगणाच्या कडेला उभी राहायची आणि खालच्या घरापासून एकेकाला नाव घेऊन हाक मारायची. पुढं प्रश्न एकच, "काय शिजतंय?" ज्यानं त्यानं अंगणात येऊन ओ द्यायची आणि चुलीवर काय आहे ते सांगायचं. "ओ, कुळथाचं पिठलं." "ओ, सुकट." शेवटची ओ ओहोळापलीकडे एकट्या राहणाऱ्या तात्यांची. ती आली की काकी खाली टेकायची. तोवर तिची येरझार चालू, तळव्याखाली निखारे असल्यासारखी.

हे कशाला, असं मी तिला एकदा विचारलं. "माणूस जितं हाय का कळतं," ती म्हणाली. "आणि कोणाकडं चांगलं शिजलंय तेपण कळतं."

मग वाडीत फोन आले आणि जो तो त्यात डोकं घालून बसला. मी काही वेगळी नव्हते बरं का. आमचे हे गेल्यावर, पोरगा बिरवाडीला कारखान्यात लागल्यावर, घर खायला उठायचं. हातात फोन असला की बरं वाटायचं. बरं म्हणजे काय, हात रिकामा वाटायचा नाही एवढंच. एक व्हिडिओ संपायच्या आत बोट दुसऱ्यावर. डोळे चुरचुरायचे, जीव थाऱ्यावर नसायचा, आणि ठेवला की दुप्पट तळमळ. काकीच्या पुतण्यानं मुंबईहून वाडीचा ग्रुप काढून दिला. संध्याकाळी सगळ्यांनी त्यावर अंगठा टाकायचा, काकीला घसा फोडायला नको. सगळ्यांना पटलं. काकीला नाही.

अंगठे पडायला लागले आणि ओ पातळ झाली. लोक बसल्या जागेवरून, मान वर न करता ओ द्यायचे. मीही दिली एकदा. काकी तरातरा आली आणि माझ्या उंबऱ्यात उभी राहिली. "घरातनं नाय द्यायची. बाहेर ये. तुला चालता येतंय का ते मला बघायचं हाय." मी पुटपुटत बाहेर आले. एकदा बाहेर आलेलं माणूस लगेच आत जात नाही, हे तिला ठाऊक होतं. शेजारीण भाजी निवडत असायची, तिच्यापाशी बूड टेकलं की फोन आत वाजून वाजून गप्प व्हायचा.

गणपतीत पुतण्याची लेक आली होती. कानात बोंडं घालून त्यांच्या घराच्या ओटीवर बसलेली. काकीनं आपल्या अंगणातून तिला तीन हाका मारल्या. मग सरळ तिच्यासमोर जाऊन, हातभर अंतरावरून, डोंगरापलीकडे पोचेल अशी चौथी मारली. पोरीच्या हातातली करंजी उडाली. सगळे हसले, शेवटी तीही हसली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती आपणहून अंगणात येऊन ओरडली, "ओ आजी, नूडल्स."

"त्यात काय घालतात ते हितं येऊन सांग," काकी म्हणाली. पोरगी गेली ती जेवणवेळेलाच परतली. तोवर तिला आमच्या दोन फुगड्याही आल्या होत्या.

त्याच साली थंडी पडू लागली तेव्हाची गोष्ट. सगळ्यांच्या ओ आल्या, तात्यांची येईना. काकीनं पुन्हा हाक मारली. ओहोळाच्या पाण्याचा आवाज तेवढा. मी तिच्यापाशी जाऊन फोन पुढं केला. "अगो काकी, आत्ताच त्यांचं चित्र आलंय ग्रुपवर. बघ, फुलं हायत."

"फुलं आली. माणूस कुठं हाय?"

मी घरातून बॅटरी आणेपर्यंत ती ओहोळाच्या दगडांवर पोचलीसुद्धा. गुडघे दुखतात म्हणून रडणारी बाई, तिच्यामागं मी धापा टाकत. तात्या गोठ्यामागं पडले होते, पाय मोडून, दुपारपासून. फोन घरात. दुपारी पाठवलेली फुलं रेंज आल्यावर संध्याकाळी पोचली होती. गारठून त्यांचे ओठ काळे पडलेले. म्हणाले, "मी ओ देत व्हतो गो. पोचत नव्हती."

"मग मोठ्यानं द्यायची," काकी खेकसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागली.

खालच्या गावातल्या पोरांनी जीप काढून त्यांना महाडला नेलं. उशीर झाला असता तर अवघड होतं, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दिवेलागणीला कोणी आत बसत नाही. अंगठा कोणी टाकला तरी तो मोजत नाही.

पुढं काकीलाच दम लागायला लागला. मुलगा तिला नालासोपाऱ्याला न्यायला आला. चांगला मुलगा, सूनही मायेची. पण काकी जीपमध्ये बसेना. एक पाय आत, एक बाहेर. "हाक कोण मारील?" कोणीतरी ग्रुपचं नाव काढलं. तिनं तिकडं बघितलंही नाही, माझ्याकडं बघितलं. "तू मार."

"माझा आवाज कुठं पोचतोय?"

"पोचत नाय तर चालत जा." मग तिनं दुसरा पाय आत घेतला.

त्या संध्याकाळी मी अंगणाच्या कडेला उभी राहिले. तेवढ्यात तिचा फोन, तोंडासकट. म्हणजे तोंड कुठलं, नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. "मला काय बघतेस? पालथा ठेव आणि हाका मार." मी फोन तुळशीपाशी पालथा ठेवला. एकेक हाक, एकेक ओ. उचलला तेव्हा पलीकडून पहिलं वाक्य, "तात्याला उशीर का झाला? काठी घेतली नव्हती काय?" असं रोज. रोज तिला आधी ओ लागायची, मग जेवण.

यंदा चैत्रात ती गेली. निरोप ग्रुपवर आला, खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मी फोन ठेवला आणि अंगणात गेले. खालच्या घरापासून सगळ्यांना हाका मारल्या. शेवटी, का कोण जाणे, काकीच्या बंद घराकडं तोंड करून तिलाही मारली. "काय शिजतंय गो?"

मग ओहोळापलीकडून तात्यांचा आवाज आला, त्यांच्या मानानं बराच मोठा. "ओ. त्या घरात आज चूल नाय."

लिहिता लिहिता दोनदा उठून बाहेर बघून आले. उन्हं डोंगरामागं गेली आहेत. आता उठतेच, तात्या काठी घेऊन अंगणात आले असतील.