बाबांचा जेल आणि भाऊरावची बंदूक

बियाण्याच्या दुकानासमोर मी बाक टाकला तो थकल्या गिऱ्हाइकासाठी. पण बसलेला माणूस काहीतरी सांगितल्याशिवाय उठत नाही, आणि सांगितलेलं परत नेत नाही. आष्टीकडचे किस्से माझ्याकडे असे साठत गेले. त्यातले हे भाऊरावच्या बंदुकीचे.

*

भाऊराव माझा जुना दोस्त. रानडुकरांनी त्याच्या हरभऱ्याची पार नासाडी केली. कोणी सांगितलं म्हणून त्याने शेतात रेडिओ लावून ठेवला. सकाळी पाहतो, तर डुकरं रेडिओजवळच लोळून गेलेली.

"गाणे बदलून पाय ना," मी म्हटलं.

"गाणे कुठले, बातम्या लावल्या होत्या. बसले ऐकत."

शेवटी पीक राखायला बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला.

*

चौकशीला पोलीस आला. रत्नागिरीकडून बदलून आलेला नवा पोरगा. भाऊराव शेतात, ओसरीवर त्याचे वडील, पंच्याऐंशी ओलांडलेले तुळशीराम बाबा.

"घरातलं कोणी तुरुंगात गेलं होतं का?"

बाबांची छाती फुगली. "हो जी. माहा बाप गेलता."

"कशासाठी?"

"ठाण्यावर चालून गेलते. अर्धं गाव होतं संगं."

पोरगा चहा न घेताच उठला. आमच्या भागात जेल म्हटलं की बेचाळीसच्या चळवळीचा. साल सांगायची रीतच नाही!

*

परवाना नामंजूर झाला. पत्रात एकच ओळ: चौकशी अहवाल प्रतिकूल. भाऊराव ते घेऊन बाकावर बसला.

"कारण माग," मी म्हटलं. "लेखी. तो तुझा हक्क आहे."

"साहेबाले कारण विचारू? रागावन तो."

"बियाणं उगवलं नाई त मले विचारतोस ना?"

"तुले त शिव्या देतो."

"तिथं अर्ज दे."

माझी शाळा सातवीत सुटली. पण दुकानाचा परवाना एकदा अडला, तेव्हापासून कायद्याचं पुस्तक उशाला ठेवतो. नामंजुरीचं कारण मागितलं तर थोडक्यात लेखी द्यावं लागतं, आणि तीस दिवसांत वर अपील करता येतं. हे बाकावरच्या सगळ्यांना आता पाठ आहे.

*

कारण आलं: घरची गुन्हेगारी पार्श्वभूमी, अर्जदाराचे आजोबा तुरुंगात होते.

भाऊराव कपाळाला हात लावून बसला. बाबा मात्र म्हणाले, "परत वाच."

भाऊरावच्या वकील भाच्याने सोपी वाट काढली. "अपिलात लिहू, तुळशीराम बाबांचं वय झालं, काहीही बोलतात. जेलबिल काही नव्हतं."

बाबा शांतपणे म्हणाले, "मंग बंदूक राहू दे. डुकरं खाऊ दे हरभरा. माह्या बापाचा जेल खोडू नका."

भाऊरावची पंचाईत झाली. हरभरा एकीकडे, बाप एकीकडे.

"काहीच खोडायचं नाई," मी म्हटलं. "अपिलात आपलं म्हणणं मांडता येते. बाबा, चला नागपूरले."

*

सुनावणीत आयुक्त साहेबांनी विचारलं, "घरात तुरुंगात कोण होतं?"

भाऊरावच्या आधी बाबा काठी टेकत उभे राहिले. "माहा बाप. बेचाळीसात. लपवा म्हणता काय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लपवू नका. पण चौकशीच्या वेळी साल का नाही सांगितलं?"

"त्या पोरानं इचारलंच नाई."

त्यांनी बाबांना खुर्ची दिली, सोबत आणलेलं भाऊरावच्या आजोबांचं स्वातंत्र्यसैनिकाचं ताम्रपत्र मोठ्याने वाचलं आणि नामंजुरी रद्द केली. परतीच्या एसटीत भाऊराव म्हणाला, "बाबा, बंदूक भेटली." बाबा म्हणाले, "त्या साहेबानं माह्या बापाचं नाव दोनदा घेतलं, आयकलं ना?"

*

यंदा भाऊरावच्या शेजारच्या शंकरनेही अर्ज केला. चौकशीला तोच रत्नागिरीचा पोरगा. आता चहा घेऊनच बसतो. ओसरीवर मी होतो, बाबाही होते.

"घरातलं कोणी तुरुंगात गेलं होतं?"

शंकरची मान खाली गेली. "नाई जी. आमच्या घरचं कोणीच नाई गेलं."

पोरगा तेवढंच लिहून पेन बंद करायला लागला. बाबांनी काठी पुढे केली.

"थांबा साहेब, पुढं लिहा. माहा बाप आत होता, तवा याच्या आज्यानं आमच्या घरी जवारी पोचवली. साल बेचाळीस."