न टाकलेले कार्ड

भाद्रपद जवळ आला की शाडूच्या ओल्या मातीचा वास बोटांत मुरतो, आणि त्या वासासरशी मला रोह्याचा दानियल आठवतो. नव्वदच्या दशकात मी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखी, तो रोह्यात घड्याळे दुरुस्त करी. तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू; त्याची भावंडे केव्हाच इस्रायलला गेली होती. तो मात्र मागे राहिला, आणि तो माझ्यासाठीच राहिला अशी मी गोड समजूत करून घेतली होती. आम्ही पोस्टकार्डांवर बुद्धिबळ खेळत असू, एका कार्डावर एक खेळी. नागोठण्याला अंबा नदीला पूर आला की टपाल अडे आणि कुणाचा तरी राजा चार दिवस शहात उभा राही.

दशक सरताना रोह्यात इंटरनेट आले. दर रविवारी दानियल संगणकाच्या क्लासात बसून परदेशातल्या कुणाशी तरी बुद्धिबळ खेळतो, असे कानावर आले आणि माझा जळफळाट झाला. त्याच्या कार्डाला उत्तर न देता मी इथल्या साप्ताहिकात लेख लिहिला. ऑनलाइन खेळात समोर माणूसच नसतो, चेहरा दिसत नाही, हरल्याचा उसासा ऐकू येत नाही, असे बरेच काही. लेखाचे कौतुक झाले. आज ते कात्रण वाचवत नाही. भाषा घोटीव आहे, पण मी त्या क्लासाची पायरीही चढलो नव्हतो. आणि इतक्या वर्षांच्या कार्डांत दानियलचा उसासा मला तरी कुठे ऐकू आला होता?

महिन्याभराने मी त्याच्या दुकानात गेलो. "लिहिलंयस छान," तो म्हणाला, "पण समोर माणूस नाय कसा? माझा मोठा भाऊ हाय तिकडं. अकरा वर्षांनी एकत्र खेळतोय आम्ही."

शरमेने मत्सर विझायला हवा होता. तो वाढला. परक्या माणसाशी मी भांडलो असतो, भावाशी कसा भांडणार?

फळीवर आमचा पट मांडलेला होता, सोंगट्या पुसलेल्या. "तुझं कार्ड नाय आलं," एवढेच तो बोलला. घरी जाऊन टाकतो म्हणालो, आणि त्याच संध्याकाळी खेळी लिहिलीही. पण दोन-तीन कार्डांत तो डाव संपला असता, आणि माझ्यासाठी मांडलेला पट त्याने आवरला असता.

पुढच्या वर्षी तोही भावाकडे गेला. आता दोघे एकाच टेबलाशी बसत असतील. कार्ड माझ्या खणात आहे, कडेला मातीचा अंगठा उमटलेला, आणि पत्ता रोह्याचाच.