शनिवारचं मीठ

इस्पितळाच्या स्वयंपाकघरात माणसांना नावं नसतात. कागदावर असतात, पण कागद बघायला वेळ कोणाला आहे? तिथे माणूस म्हणजे त्याचं ताट. खिडकीजवळचा बिनमीठ, कोपऱ्यातली पातळ, दाराजवळचा नुसता भात. "तो बिनमीठ गेला आज," असं एकजण सांगते आणि दुसरी म्हणते, "सुटला बिचारा." गेला म्हणजे घरी गेला की आणखी कुठे, ते आवाजावरून ओळखायचं.

वहिनी या स्वयंपाकघरात केस काळे होते तेव्हापासून होती. वहिनी हे तिचं तिथलं नाव. आल्या आल्या भांडी घासणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिला तशी हाक मारली आणि ती चिकटली. आता मोठे डॉक्टरही वहिनी म्हणत. त्यांच्यापैकी कोणाला तिच्या नवऱ्यासारखा भाऊ असता, तर त्यांनी तो लपवून ठेवला असता.

तिची शेगडी बिनमिठाची. हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे पेशंट तिच्या वाट्याला. मीठ नाही म्हटल्यावर बाकीच्या बायका हात झटकून मोकळ्या होत. उकडलं, वाढलं, ढकललं. वहिनीचं तसं नव्हतं. ती कांदा जरा जास्त वेळ परते, लिंबू शेवटी पिळे, आलं ठेचून घाले, किसून नाही. तरीही ताटं अर्धी परत येत. जाड काचेच्या चष्म्याचा एक पेशंट तिला म्हणाला होता, "बाई, स्वयंपाक चांगला आहे तुमचा, पण जगण्यात राम नाही." तिने हसून ताट उचललं होतं. असली वाक्यं रोज उचलावी लागतात, उष्ट्याबरोबर.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या पेट्यांशी झगडला आणि गेल्या वर्षी एका जिन्यावर छाती धरून बसला. आणला तो वहिनीच्याच इस्पितळात. चार-सहा दिवस तोही खिडकीजवळचा एक बिनमीठ होता. वहिनी त्याचं ताट स्वतः लावायची, वॉर्डबॉयच्या हाती न देता स्वतः वर घेऊन जायची. त्या दिवसांत तिला लाज वाटावी इतकं बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं काम आणि तिचं घर एका ठिकाणी आलं होतं.

तो घरी आला त्या दिवशी तिने सगळ्यांना टेबलाशी बसवलं. "आजपासून आपण सगळेच अळणी खाऊ," ती म्हणाली. "एकट्याने खाल्लं की माणूस कंटाळतो. सगळ्यांनी खाल्लं की ती घराची चव होते."

मुलगा बुटांच्या दुकानात होता. दिवसभर लोकांच्या पायाशी बसून त्याला कोणालाही नाही म्हणायची सवय राहिली नव्हती. तो हो म्हणाला. सून हो म्हणाली. नवऱ्याने तर डोळ्यांत पाणी आणलं. वहिनीने मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि स्वतःही अळणी खाऊ लागली. कामावर तिला मिठाचं मिळत होतं, शेजारच्याच शेगडीवर. तिने ते सोडलं. कोणी सांगितलं नव्हतं.

तिची ड्यूटी दुपारपासून रात्रीची ताटं परत येईपर्यंत. घरी पोचेपर्यंत घरच्यांची जेवणं झालेली असत. शनिवारी तर घरात कोणी नसायचंच. शनिवारी सगळे बाहेर जेवायला जात, सून तिच्या आईलाही घेऊन येई. आल्यावर नवरा सांगायचा, "मी आपलं उकडलेलं खाल्लं. हॉटेलवाला ओळखीचा आहे, माझ्यासाठी वेगळं करतो." वहिनीला त्या न पाहिलेल्या हॉटेलवाल्याचं कौतुक वाटे. जगात दुसरी एक बिनमिठाची शेगडी आहे आणि तिथे कोणीतरी कांदा नीट परततंय, असं तिच्या मनात येई.

पण रविवारी सकाळच्या चहाच्या वेळी कोणी 'खेकडा' एवढंच म्हणे आणि सगळे हसत. "कोण खेकडा?" "अगं, तिथे एकजण येतो. जाऊ दे, बघितल्याशिवाय मजा नाही कळायची." अशा बऱ्याच गोष्टी साठत गेल्या, बघितल्याशिवाय न कळणाऱ्या.

म्हणून तिने जाडीशी ड्यूटी बदलली. जाडी पातळ पदार्थांच्या शेगडीवर होती आणि स्वतः काडीसारखी होती.

"शनिवार कशाला हवाय तुला? कोणाला भेटायचंय?"

"घरच्यांना."

"घरच्यांना भेटायला सुट्टी लागते?"

"आमच्यात लागते."

घरी तिने सांगितलं, "या शनिवारी मला सुट्टी आहे."

"अरे वा," मुलगा म्हणाला. "मस्त झोप काढ. आम्ही येताना तुझ्यासाठी काहीतरी बांधून आणू."

आपण आणि आम्ही. शाळेतल्या बाईंनी दोन्हींचा अर्थ एकच सांगितला होता, पण त्या बाईंना घर नसावं. आपण म्हणणारा समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला आत घेतो. आम्ही म्हणणारा दार लोटून घेतो, आवाज न करता, आणि बाहेरच्याला वाटतं वाऱ्यानेच लागलं. मुलाच्या मनात काही नव्हतं. तेच वाईट होतं. मनात असतं तर त्याने शब्द निवडून वापरला असता.

सुनेच्या लक्षात आलं. "आई, तुम्हीपण चला की."

त्या 'पण'सकट वहिनीने ते आमंत्रण घेतलं.

नवरा पेपरातून डोकं वर काढून घाईने म्हणाला, "तिला बाहेरचं सोसत नाही."

"एक दिवस सोसेल," वहिनी म्हणाली.

शनिवारी तिने ठेवणीतले कपडे काढले. त्यांना कपाटाचा वास येत होता, म्हणून दुपारभर खिडकीत टांगले. संध्याकाळी सगळ्यांच्या आधी ती दाराशी तयार उभी होती, शाळेची सहल असल्यासारखी.

खानावळ काही मोठी नव्हती. गुळगुळीत टेबलं, भिंतीवर पंखा, गल्ल्यावर एक मालक जो हिशोबापेक्षा टीव्हीकडे जास्त बघत होता. यांचं टेबल खिडकीपाशी ठरलेलं होतं, चार खुर्च्यांचं. सुनेची आई आधीच येऊन बसली होती. वाढपी पोरगेला, हसरा. त्याने इकडे तिकडे पाहिलं. "खुर्च्या सगळ्या लागल्यात. स्टूल चालेल?"

"या ना विहीणबाई, इथे बसा," सुनेची आई अर्धवट उठली.

"नको, बसा. तुमची जागा आहे," वहिनी म्हणाली. तिने ते साधेपणाने म्हटलं होतं. बाहेर पडलं तेव्हा टोमण्यासारखं वाजलं.

ती स्टुलावर बसली. पाठीला काही नव्हतं. स्टुलावर माणूस सरळ बसतो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा रागावलाय.

"आज पाहुण्या वाटतं?" वाढप्याने विचारलं.

"पाहुण्या कसल्या," नवरा म्हणाला. "ही आमची मंडळी."

पोराला ही जुनी बोली माहीत नव्हती. "मंडळी तर सगळेच आहात, काका. ह्या नवीन कोण?"

मुलाला हसू फुटलं. "अरे, आई आहे माझी."

वाढप्याने सुनेच्या आईकडे पाहिलं. "मग ह्या?"

आता मोठ्याने हसण्याशिवाय इलाज नव्हता. सगळे हसले. वहिनीही हसली, जरा उशिरा. सुनेची आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "कमाल आहे बाई या पोराची."

"नेहमीचंच आणू ना?" वाढपी गेला आणि पाणी घेऊन परतला. बरोबर मिठाची कुपी होती. ती त्याने न मागता नवऱ्यासमोर ठेवली. कोणाचं मन राखायचं असलं की चांगले वाढपी ठेवतात तशी, अलगद.

"हे घ्या काका, तुमचं औषध."

कोणी हसलं नाही. ही थट्टा जुनी असणार. नेहमी याच जागी हसू येत असणार, आणि आज त्याची जागा रिकामी दिसत होती. वाढप्याला काही कळेना. तो पुटपुटला, "काकाच म्हणतात असं," आणि दुसऱ्या टेबलाकडे वळला.

"थट्टा करतो तो," नवरा म्हणाला.

ताटं आली. तळलेला मासा, दाट रस्सा, वर तेलाचा लाल थर. उकडलेलं काही नव्हतं. वहिनीने चमचा उचलला आणि नवऱ्याच्या ताटातला रस्सा चाखला. कामावर करते तसंच: चमच्याचं टोक, जिभेचा शेंडा, डोळे कुठेच नाहीत. वर्षभर मीठ न पाहिलेल्या जिभेला तो घोट खाडीच्या पाण्यासारखा लागला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मुलगा माशाचे काटे काढत राहिला, जे अजून लागलेच नव्हते.

"आठवड्यातून एकदाच, आई," सून म्हणाली. "बाकीचे दिवस बाबा किती पथ्य पाळतात बघा ना."

"पुरुषाच्या जिवालाही काहीतरी हवं असतं," सुनेची आई म्हणाली. ती बाई खरंच चांगली होती. आवाजात काळजी होती.

"मला का नाही सांगितलं?"

"चिडली असतीस," मुलगा म्हणाला.

"मी कधी चिडले?"

"चिडत नाहीस. बघतेस." तो अजून ताटाकडेच पाहत होता. "तू बघायला लागलीस ना, की वॉर्डात पडल्यासारखं वाटतं. घरी आलीस की आधी आमची ताटं बघतेस. किती उरलंय, कोणी काय टाकलंय. आम्हाला काय झालंय, आई? आजारी बाबा आहेत."

"हळू बोल," नवरा म्हणाला.

"हळूच बोलतोय."

तेवढ्यात दारातून एक वाकडा चालणारा लठ्ठ माणूस आत आला. सुनेने मुलाला कोपर मारलं आणि मग स्वतःच मान खाली घातली. हा खेकडा. वहिनीने त्याला नीट पाहून घेतलं. गुडघा दुखणारा एक माणूस होता तो. त्यात हसण्यासारखं काय आहे ते तिला बघूनही कळलं नाही.

तिने ताटातलं सगळं खाल्लं. टाकायची तिला सवय नव्हती. नवऱ्याने मात्र कुपीला हात लावला नाही आणि अर्धं ताट तसंच ठेवलं. वाढपी ते उचलताना म्हणाला, "काय काका, बरं नाही का?"

सुनेची आई तिच्या घरी गेली. परतताना ते तिघे पुढे आणि ती मागे चालत होती. कोणी तसं ठरवलं नव्हतं, फुटपाथच अरुंद होता. तिला वाटत आलं होतं की ड्यूटीमुळे आपण या घराबाहेर राहिलो. वेळेचं भांडण आहे, वेळ बदलली की मिटेल. आता कळलं की वेळेचा संबंध नव्हता. शनिवार तिच्याविना जात नव्हता, तो तिच्यापासून लपून चालला होता. वर्षभर ती नवऱ्याच्या जोडीने अळणी गिळत होती, आणि तिला वाटायचं यालाच संसार म्हणतात. त्यांना त्यात पहारा दिसत होता. कदाचित त्यांचंही खरं होतं. इतकी वर्षं जी बाई माणसाला ताटावरून ओळखते, तिला घरात शिरताना दुसरे डोळे कुठून मिळणार? पण हे खरं असलं म्हणून कमी लागत नव्हतं.

नवरा एकदा मागे वळला. "दमलीस का?"

"नाही."

"त्या पोराचं काही मनावर घेऊ नकोस."

"कोणाचं?" वहिनीने विचारलं. तो पुन्हा पुढे बघू लागला.

रविवारी दुपारी ड्यूटीला जायच्या आधी तिने स्वयंपाक केला. बरणी फळीवरून खाली काढली. मीठ ओलसर होऊन त्याचा गोळा झाला होता. तिने तो चमच्याच्या दांड्याने फोडला आणि एकाच पातेल्यात सगळ्यांसाठी घातला. कमी नाही, जास्त नाही, शेजारच्या शेगडीवर पडतं तितकं.

सगळे टेबलाशी बसले. मुलाने पहिला घास घेतला, बायकोकडे पाहिलं आणि भराभर जेवू लागला. जेवताना त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद वहिनीने वर्षात पाहिला नव्हता. तो आनंद बघणं अवघड होतं.

नवऱ्याचा हात तोंडापाशी थांबला. "मीठ घातलंस?"

"हो."

"माझं वेगळं काढलंस ना?"

"नाही."

"अगं, मग मी काय खाऊ?"

"समोर आहे ते."

"डॉक्टरांनी सांगितलंय…" त्याचा आवाज लहान मुलासारखा चढला. "शनिवारचं सोड. बाकीच्या दिवशी तू करतेस म्हणूनच तर मी तेवढं करायचो. तू आहेस म्हणून."

असं होतं तर. तिच्या अळणीच्या भरवशावर तो मीठ खात होता. सहा दिवस तिने सांभाळायचं, म्हणजे सातव्या दिवशी त्याला तिच्यापासून सुट्टी घेता येईल. वहिनीला हसू आलं, पण ते आलं तिथेच राहिलं.

"पथ्य तुमचं आहे," ती म्हणाली. "तुम्ही सांभाळा. बटाटे आहेत, पातेलं आहे. उकडायला काय लागतं?"

"आई," सून म्हणाली.

"जेव तू."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. ती उठेल, ताट ओढून घेईल, पुटपुटत काहीतरी वेगळं टाकेल, याची तो वाट पाहत होता. तिचे हात उठतही होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले. हा रस्सा किती आहे, त्यात मीठ किती, आणि ते त्याच्या छातीत जाऊन काय करतं, हे टेबलाशी बसलेल्या कोणाहीपेक्षा तिला नेमकं ठाऊक होतं.

मग तो रागाने जेवू लागला. तिच्या डोळ्यांत बघत, एकेक घास नीट चावून, कोणाला तरी शिक्षा दिल्यासारखा. ताट संपलं. ते त्याने तिच्यासमोर सरकवलं.

"वाढ."

मुलगा म्हणाला, "बाबा, पुरे."

"वाढ म्हणतोय ना."

वहिनीने मांडीखालचा हात बाहेर काढला, डाव उचलला आणि वाढलं.